एलायस ब्रॉकला फोडणी चालली असती का?

सुनेत्राला एक पंखा पाहिजे होता. वारा घ्यायचा नाही, धूर ओढायचा. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला हातभर रुंद भोक पाडायचं, त्यातून पत्र्याचा पाइप बाहेर काढायचा आणि आत एक्झॉस्ट बसवायचा, एवढंच काम. नागपुरात सीताबर्डीवरच्या कुठल्याही भजीवाल्यानं ते सकाळी सुरू करून दुपारच्या गिऱ्हाइकाआधी उरकलं असतं आणि भिंत कुणाची आहे हे संध्याकाळी विचारलं असतं. पण सुनेत्राचं हॉटेल होतं पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात, स्टेट कॉलेज नावाच्या विद्यापीठाच्या शहरापासून तासाभरावरच्या मिलर्स नॉच नावाच्या अकराशे वस्तीच्या गावात. आणि ते बांधलेलं होतं १९०९ साली. तिकडे शंभर वर्षांची भिंत म्हणजे देवाची मूर्ती. छप्पर गळलं तर ते सुनेत्राचं, तळघरात उंदीर मेला तर तो सुनेत्राचा. भिंत मात्र इतिहासाची.

हा इतिहास सांभाळायला गावात पाच जणांची वारसा समिती होती. पाचांची वयं एकत्र केली तर देशाच्या वयापेक्षा जास्त भरली असती. एक्झॉस्टचा अर्ज त्यांनी दोनदा फेटाळला होता आणि कारण दोन्ही वेळा एकच दिलं होतं: ‘भोकामुळे भिंतीची शोभा जाईल.’ तिसरा अर्ज शेवटचा. तो फेटाळला की पाच वर्षं तोंड उघडायचं नाही, असा नियम. आणि एक्झॉस्ट नाही तर आगीचा परवाना नाही, परवाना नाही तर गॅसवर कढई चढवायची नाही.

म्हणून मे महिन्यापासून सुनेत्रा पाहुण्यांना टोस्ट देत होती.

जरा विचार करा. ही बाई कॅरी नावाच्या, मराठी माणसांनी भरलेल्या अमेरिकन गावात चोवीस वर्षं राहिली. त्यातली पहिली अकरा, व्हिसावर काम करायची परवानगी नाही म्हणून घरात. उरलेली तेरा, ‘आता कशाला काम करतेस?’ म्हणून घरात. गणपती असो, संक्रांत असो, कुणाचं डोहाळजेवण, कुणाच्या पोराचं ग्रॅज्युएशन, दीडशे माणसांची पाटवडी सुनेत्राकाकूंकडे. फुकट. ‘काकू, काय चव आहे हो तुमच्या हाताला!’ म्हणायचे आणि ट्रे न घासता परत द्यायचे. मुलगा आर्य शिकून ईडन प्रेरीला नोकरीला लागला त्या वर्षी सुनेत्रानं जाहीर केलं की यापुढे जो विकत घेईल त्यालाच ती जेवायला घालेल. कॅरीचं घर भाड्यानं दिलं आणि हे वीस खोल्यांचं ‘ब्रॉक हाउस’ घेतलं. आणि आता टोस्ट! स्टेट कॉलेजहून मराठी पोरं गाडी काढून यायची, मेन्यू बघायची, “काकू, ओन्ली टोस्ट?” म्हणायची, आणि सुनेत्राला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. तेही परवानगीशिवाय चाललं नसतं.

“मॉम, जस्ट सेल इट,” आर्य फोनवर म्हणायचा.

नवरा गुरुदत्त पुण्याचा. बारा नंबरच्या खोलीत लॅपटॉप मांडून तो कुठल्याशा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळायचा आणि जगातल्या प्रत्येक संकटावर सहा स्लाइड्स बनवायचा. त्यानं स्वच्छ सांगितलं होतं, “तिसरा अर्ज रिजेक्ट झाला की कॅरीला परत. डील?”

“डील,” सुनेत्रा म्हणाली होती. कॅरीला परत म्हणजे काय हे तिला चांगलं ठाऊक होतं. म्हणजे ट्रे.

समितीचा अध्यक्ष होता वॉल्ट हार्नर. वय सत्त्याहत्तर, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त, बायको जाऊन बारा वर्षं झालेली, आणि राहायला हॉटेलला खेटून पूर्वेच्या घरात. सुनेत्रा त्याला मनातल्या मनात वॉल्टकाका म्हणायची आणि मनातल्या मनात आणखीही बरंच काही म्हणायची. कुणीही काहीही करायचं म्हटलं की वॉल्टकाका मान तिरकी करून एकच प्रश्न विचारायचा: “एलायसला काय वाटलं असतं?”

हा एलायस ब्रॉक म्हणजे हॉटेलचा पहिला मालक. गावाचा बापच म्हणा. दरवर्षी ऑक्टोबरात फाउंडर्स डेला हॉटेलच्या जेवणघरात गाव जमायचं आणि हॉटेलचा जो कोण मालक असेल त्यानं एलायसचं चरित्र उभ्यानं वाचायचं, अशी पद्धत. यंदाची मालकीण सुनेत्रा. आणि यंदा समितीनं ठरवलं की चरित्र संपलं की त्याच बैठकीत तिसरा अर्ज निकाली काढायचा. सप्टेंबर संपता संपता वॉल्टकाकानं टाइप केलेली चार पानं आणून तिच्या हातात ठेवली.

“मीच लिहिलंय,” तो म्हणाला. “पन्नास वर्षांपूर्वी. एक शब्दही बदलायची गरज पडलेली नाही.”

चार पानांत एलायस अनाथ होता. एक पिशवी खांद्याला मारून डोंगर ओलांडून आला, स्वतःच्या हातांनी हॉटेल बांधलं, दारातून कुणाला कधी परत पाठवलं नाही. १९१८ च्या तापाच्या साथीत त्यानं हॉटेलचं इस्पितळ केलं आणि चाळीस आजाऱ्यांना स्वतः भरवलं. सुनेत्राला हे वाचताना शाळेतल्या क्रमिक पुस्तकाची आठवण झाली. आपल्याकडचे थोर लोक असेच रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून थोर होतात. फक्त एक गोष्ट तिला खटकली. एलायसनं हॉटेल चालवलं त्या बारा वर्षांत वीस खोल्यांचा स्वयंपाक कोणी केला, हे चार पानांत कुठेच नव्हतं.

त्याच आठवड्यात माळ्यावर तिला एक फोटो सापडला. सोनेरी चौकट, तपकिरी रंग, भरघोस मिशा, वेस्टकोट, खिशातून लोंबणारी घड्याळाची साखळी. मागे पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘एलायस ब्रॉक’.

“अहो, इकडे या,” तिनं गुरुदत्तला हाक मारली. “मालक सापडले.”

ज्याच्या वास्तूत राहतो त्याचा मान ठेवावा, एवढं वळण सुनेत्राला माहेरचंच होतं. त्यात वॉल्टकाकाला बरं वाटलं तर वाटू द्या. तिनं काच पुसली, फोटो काउंटरच्या मागे सगळ्यांना दिसेल असा लावला आणि कपाळाला कुंकवाचं बोट टेकवलं. सासू-सासऱ्यांच्या फोटोंसाठी न्यू जर्सीहून चंदनाचे हार आणले होते, दोनावर एक फुकट मिळाला होता. तो फुकटातला एलायसला घातला. खाली विजेवरची समई ठेवली.

“छान,” गुरुदत्त म्हणाला. “स्टेकहोल्डर मॅनेजमेंट.”

दुसऱ्या दिवशी वॉल्टकाका टोस्ट खायला आला. काउंटरपाशी थबकला. टोपी काढली. बराच वेळ बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

“हा मी आहे,” तो म्हणाला.

सुनेत्राच्या हातातली बशी तिरकी झाली.

झालं होतं असं की देशाला दोनशे वर्षं झाली त्या साली, १९७६ ला, गावानं नाटक बसवलं होतं. त्यात अठ्ठावीस वर्षांचा वॉल्ट एलायस झाला होता. मिशा खोट्या, वेस्टकोट मामाचा. खऱ्या एलायसचा फोटो जगात कुठेच नाही. तो स्वतःचा फोटो काढू देत नसे. “मी माझ्या वर्गातल्या पोरांना तीस वर्षं शिकवलं,” वॉल्टकाका नाक पुसत म्हणाला, “पण असं कुणी, कधी... फुलं, दिवा... सुनेट्रा, मला काय बोलावं कळत नाही.”

सुनेत्रानं बशी काउंटरवर ठेवली. जिवंत माणसाच्या फोटोला हार! माहेरी असं काही झालं असतं तर आजीनं तिला झाडूनं बडवलं असतं. पण वॉल्टकाका तोवर बाहेर जाऊन समितीच्या डोलोरस क्रेब्सबाईंना आणि डुलक्या काढणाऱ्या अर्लला बोलावून घेऊन आला होता. डोलोरसबाई एक्याऐंशीच्या. शाळेत असल्यापासून त्यांचं आणि वॉल्टचं पटत नव्हतं. त्यांनी फोटो नीट पाहिला आणि विचारलं, “त्याचाच का?”

“काढून टाकू का हार?” रात्री सुनेत्रानं गुरुदत्तला विचारलं.

“वेडी आहेस का? एक मत पक्कं झालंय. सांगायचं नाही म्हणजे नाही. इथं कुणाला कळणार आहे?”

कळायला बारा दिवस लागले. एडिसनहून गुरुदत्तचे लांबचे काका-काकू, रवींद्रकाका आणि सुहासिनीकाकू, झाडांचे रंग बघायला निघाले होते ते वाटेत दोन दिवस उतरले. सुहासिनीकाकू सदाशिव पेठेतल्या. पस्तीस वर्षं अमेरिकेत काढून त्यांच्या बोलण्याची धार तसूभर कमी झाली नव्हती. त्या सकाळी खाली आल्या, फोटो बघितला, चप्पल काढून हात जोडले. शेजारी वॉल्टकाका टोस्टला लोणी लावत बसला होता.

“युवर फादर?” काकूंनी त्याला दुःखी आवाजात विचारलं. नाकात साम्य होतं. “व्हेन डिड ही एक्सपायर?”

“नो मॅम,” वॉल्टकाका अभिमानानं म्हणाला. “दॅट्स मी.”

काकूंनी फोटोकडे पाहिलं, वॉल्टकडे पाहिलं, मग सुनेत्राकडे.

“अगं बाई! सुनेत्रा! जिवंत माणसाला हार घातलास?”

“काकू, मी तुम्हाला नंतर...”

“नंतर काय नंतर? टोस्ट खातोय तो! चांगला धडधाकट आहे!” आणि मग सत्य हे सांगितलंच पाहिजे अशा थाटात काकू वॉल्टकाकाकडे वळल्या. “सी, इन अवर कल्चर, फोटोला हार, ओन्ली फॉर डेड. लॅम्प, ऑल्सो डेड. शी हॅज मेड अ मिस्टेक. यू डोन्ट माइंड.”

रवींद्रकाका वर्तमानपत्रामागे गेले ते बाहेरच आले नाहीत. वॉल्टकाकानं लोणी लावायची सुरी खाली ठेवली. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयात स्टेंट घातली होती. त्यानं छातीवर हात ठेवला, उठला आणि निघून गेला. टोस्ट अर्धा राहिला.

दुपारपर्यंत गावात पसरलं की हॉटेलवाल्या बाईनं वॉल्टवर काहीतरी करणी केलीय. संध्याकाळी तो तपासणीला दवाखान्यात जाऊन आला अशी बातमी आली. फाउंडर्स डेला नऊ दिवस होते.

“मी अपॉलॉजीचा ड्राफ्ट करतो,” गुरुदत्त म्हणाला. “पहिली स्लाइड, कॉन्टेक्स्ट...”

“काय करून राहिले तुम्ही? माणूस शेजारी राहतो, अन् स्लाइड दाखवता त्याला?” सुनेत्रानं पायात बूट सरकवले आणि तरातरा वॉल्टकाकाच्या घरी गेली.

तो हॉटेलच्या बाजूच्या ओसरीवर झुलत्या खुर्चीत बसला होता. मांडीवर ब्लँकेट, हातात बीपीचं मशीन. सुनेत्रानं माफी मागायची म्हणून तोंड उघडलं आणि नेहमीप्रमाणे निघालं ते सरळच निघालं.

“हे बघा, मला वाटलं तुम्ही मेलेले एलायस आहात. चूक झाली. पण मी मुद्दाम केलं नाही.”

“डॉक्टर म्हणाला सगळं ठीक आहे,” वॉल्टकाका मशीनकडे बघत म्हणाला. “पण तू दिवा लावल्यापासून तेरा दिवस झाले. मी मोजले.”

त्याला तेराव्याचं काही माहीत नव्हतं, पण सुनेत्राच्या अंगावर काटा आला. आणि त्या काट्यातूनच तिला आजी आठवली. आजीचा भाऊ युद्धात मेल्याची तार आली होती, घरात रडारड झाली होती, आणि सहा महिन्यांनी तो दाढी वाढवून दारात उभा. तेव्हापासून आजी म्हणायची की जिवंतपणी ज्याच्या मरणाची खोटी बातमी येते त्याचं आयुष्य वाढतं.

“आमच्याकडे असं मानतात,” ती म्हणाली, “की चुकून कुणाला मेलेला समजलं तर तो उलट जास्त जगतो. माझ्या आजीचा भाऊ त्र्याण्णव वर्षांचा होऊन गेला.”

वॉल्टकाकाची खुर्ची झुलायची थांबली. “त्र्याण्णव?”

“वर कुरकुरत गेला. आणखी जगायचं होतं त्याला.”

“आणि हे मुद्दाम केलं तर चालत नाही? चुकूनच व्हायला लागतं?”

“मी चुकूनच केलं ना,” सुनेत्रा म्हणाली.

तिनं तिथंच थांबायला पाहिजे होतं, पण माणसाला ही अक्कल नेहमी घरी परतल्यावर येते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता डोलोरस क्रेब्सबाई काखेत स्वतःच्या लग्नाचा फोटो घेऊन काउंटरपाशी हजर.

“वॉल्टला मिळतंय ते मलाही पाहिजे,” त्या म्हणाल्या. “त्याच्याआधी मी जाणार नाही. माझा हार मोठा कर.”

मग अर्ल आला. मग समितीवरचीच गावच्या वाचनालयातली बाई, मग पेट्रोल पंपाचा म्हातारा मालक. चंदनाचे हार संपले म्हणून सुनेत्रानं अंगणातली शेवंती ओवली; ऑक्टोबरात त्या गावी प्रत्येक ओसरीवर शेवंतीच्या कुंड्या असतात, लोक आपापली फुलं घेऊन यायला लागले. आठवडाभरात काउंटरच्या मागची भिंत बघून एखाद्या मराठी माणसाला वाटलं असतं की इथं मोठा अपघात झाला आणि अर्धं गाव गेलं. आणि खाली तेच गाव टोस्ट खात बसलेलं, गुबगुबीत, समाधानी. मृत्यूची भीती ही सगळ्या जगात सारखीच बावळट असते.

“फोर आउट ऑफ फाइव्ह,” गुरुदत्त खूश होता. “चार मतं खिशात. आता फक्त ती चार पानं वाच, खाली बस आणि पंखा घे.”

पण सुनेत्राच्या डोक्यातून स्वयंपाक जात नव्हता. बारा वर्षं कोणी केला? सोमवारी ती काउंटीच्या वाचनालयात जाऊन बसली. जुन्या वर्तमानपत्रांची रिळं यंत्रावर फिरवत ती दिवसभर वाचत राहिली. मंगळवारी परत गेली, बुधवारीही. १९०९ ते १९२१ ची रिळं तिथं नव्हती. ‘हरवली असतील,’ तिथली बाई म्हणाली. सुनेत्रानं सगळी कपाटं उघडली. गुरुवारी ती रिळं ‘डुकरांची प्रदर्शनं’ असं लिहिलेल्या डब्यात सापडली.

त्या रात्री ती स्टोव्हसमोर बसून राहिली.

शनिवारी जेवणघर भरलं. मागच्या बाजूला लोक उभे होते. समितीचे पाच जण टेबलामागे, मध्ये वॉल्टकाका, अंगात तो वेस्टकोट. आता पोटावर त्याचं एकच बटण लागत होतं. सुनेत्रा उभी राहिली. एका हातात वॉल्टची चार पानं. दुसऱ्या हातात तिची स्वतःची दोन. गुरुदत्त पहिल्या रांगेतून फक्त ओठ हलवून म्हणत होता: चार, चार.

तिनं चार पानं सुरू केली. एलायस डोंगर ओलांडून आला. एलायसनं हॉटेल बांधलं. आवाज बरा लागला होता. मग आलं, ‘१९१८ साली त्यानं चाळीस आजाऱ्यांना स्वतःच्या हातानं...’

ती थांबली. तिला कॅरीतले ट्रे दिसले.

“हे खोटं आहे,” ती म्हणाली.

गुरुदत्तनं डोळे मिटले.

“एलायस डोंगर ओलांडून आला तेव्हा त्याच्या पिशवीत केसांचं तेल होतं. टकलावर केस उगवायचं. ते विकायचा. हॉटेल बांधलं ते बायकोच्या वडिलांच्या लाकडावर. तिचं नाव मिनर्व्हा. गावाला रेल्वे येणार म्हणून हॉटेल बांधलं, रेल्वे आली नाही. मग एलायसनं इंजिनाची शिट्टी विकत घेतली, माळ्यावर बसवली आणि दिवसातून तीनदा वाजवायचा. जाहिरातीत छापायचा, ‘स्टेशनपासून दोन मिनिटांवर’. लोक एकोणीस मैल टांगा करून यायचे आणि शिट्टी ऐकून विचारायचे, स्टेशन कुठाय? तो म्हणायचा, गाडी नुकतीच गेली.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

“दारातून कुणाला परत पाठवलं नाही, हे मात्र खरं. इटलीहून रस्ता बांधायला आलेल्या मजुरांना तो दारापर्यंत येऊच द्यायचा नाही. मागच्या खिडकीतून जेवण द्यायचा. आणि ते जेवण रोज मिनर्व्हा करायची. बारा महिने, वीस खोल्या, एकटी. त्याच स्वयंपाकघरात, ज्याला धूर जायला भोक नाही. १९१२ साली तिनं पेपरात पत्र लिहिलं.” सुनेत्रानं कागद डोळ्यांजवळ धरला. “‘माझे डोळे चुलीनं खाल्ले. मी मिस्टर ब्रॉकना भिंतीत एक भोक पाडायला सांगते आहे.’ पुढच्या आठवड्यात एलायसचं उत्तर छापून आलं. एका ओळीचं. तुम्ही सगळे मला विचारता ना, एलायसला काय वाटलं असतं? ऐका. ‘भोकामुळे भिंतीची शोभा जाईल.’”

समितीची नकाराची दोन्ही पत्रं, त्यात शब्दन् शब्द हेच वाक्य, टेबलावरच पडली होती.

“१९१८ ला साथ आली तेव्हा एलायस ओहायोला भावाकडे पळाला. दार उघडलं मिनर्व्हानं. चाळीस माणसांना भरवलं मिनर्व्हानं. साथ ओसरल्यावर तो परत आला आणि जेवण उशिरा झालं म्हणून ओरडला, हेही छापलंय, कारण त्या वेळी लॉबीत वार्ताहर बसला होता. १९१९ च्या मार्चमध्ये मिनर्व्हा एप्रन काढून एकोणीस मैल चालत स्टेशनवर गेली. खऱ्या. दोन वर्षांत हॉटेल बुडालं. एलायसला अंडंसुद्धा उकडता येत नव्हतं. संपलं चरित्र.”

ती खाली बसली. गुरुदत्त शेजारून पुटपुटला, “मी कॅरीला टेनंटला नोटीस देतो.”

वॉल्टकाका लालेलाल झाला होता. “ते रीळ तुला कुठं सापडलं?”

“डुकरांच्या डब्यात.”

“एकोणीसशे एक्याऐंशी साली ठेवलं होतं मी तिथं,” तो म्हणाला आणि आपण काय बोललो हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

डोलोरसबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की त्यांचा चष्मा टेबलावर पडला. हसू संपल्यावर त्यांनी तो शांतपणे पुसून घातला. “माझी आजी त्या स्वयंपाकघरात भांडी घासायची,” त्या म्हणाल्या. “मरेपर्यंत खोकत होती. आम्हाला सांगितलं होतं, तिला तंबाखूचं व्यसन होतं. माझं मत पंख्याला.”

“हा इतिहासाचा अपमान आहे,” वॉल्टकाका ओरडला. “माझं मत विरोधात.”

गावच्या वाचनालयातली बाई, जिनं इतकी वर्षं ते रीळ शोधलं होतं, तिनं वॉल्टकडे असं बघितलं की तिचं मत विचारायची गरज पडली नाही. पाचव्या सदस्यानं वॉल्टची बाजू घेतली. दोघं दर रविवारी एकत्र मासे पकडायला जायचे. दोन-दोन. उरला अर्ल. त्याला कोपरानं ढोसून उठवावं लागलं.

“काय विचारताय?”

“पंखा पाहिजे की नको?”

अर्लनं विचार केला. “म्हणजे टोस्ट बंद होणार?”

“हो,” सुनेत्रा म्हणाली.

“मग पाहिजे,” अर्ल म्हणाला.

जेवणघरात टाळ्या पडल्या. वॉल्टकाकानं हातोडी आपटली. “तीन विरुद्ध दोन, मंजूर! पण अध्यक्ष म्हणून जागा मी ठरवणार. मागच्या भिंतीला नाही, ती टेकडीवरून दिसते. पुढे नाही, तो मेन स्ट्रीट आहे. पश्चिमेला चर्च आहे. भोक पूर्वेच्या भिंतीला पडेल, नाहीतर पडणार नाही!” आणि त्यानं रागारागानं कागदावर सही ठोकली.

पूर्वेच्या भिंतीपलीकडे काय आहे, हे सुनेत्राच्या तेवढ्यात लक्षात आलं. तिनं गुरुदत्तकडे बघितलं. त्याच्याही लक्षात आलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं एकाच वेळी गप्प बसले.

पंखा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसला. आगीचा परवाना आला त्या सकाळी सुनेत्रानं बेसन घाटून पाटवड्या थापल्या, खोबरं-खसखस भाजली, कांदा काळपट परतला आणि रश्श्यासाठी कढईत तेल तापवून त्यात वाटीभर सुक्या लाल मिरच्या सोडल्या. मिरच्या तडतडल्या. पंखा विमानासारखा गरजला आणि सगळा ठसका ओढून पूर्वेच्या भिंतीतून एका दमात बाहेर फेकला.

चौथ्या मिनिटाला बाजूचं दार उघडलं. वॉल्टकाका. ऑक्टोबरपासून तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. आता नाकाला रुमाल, डोळे लाल, अंगावर ओसरीतलं ब्लँकेट.

“हे... हे...” तो सलग सहा वेळा शिंकला. “हे माझ्या ओसरीवर येतंय!”

“मग कुठे जाईल?” सुनेत्रा कढई हलवत म्हणाली. “सही कुणाची आहे?”

सातवी शिंक आली. ती संपल्यावर तो तसाच उभा राहिला आणि लहान मुलासारखं कढईत डोकावून बघायला लागला.

“काय आहे ते?”

“बसा.”

“मी तक्रार करायला आलोय.”

“बसून करा.”

तो स्टुलावर बसला. तिनं बशीत दोन पाटवड्या ठेवल्या, वर रस्सा ओतला, तर्री सोडली आणि शेजारी पाण्याचा मोठा जग ठेवला. पहिल्या घासाला वॉल्टकाकाच्या टकलावर घाम आला. दुसऱ्याला त्यानं ब्लँकेट काढलं. तिसऱ्यानंतर तो म्हणाला, “पुढच्या वर्षीचं चरित्र नव्यानं लिहायला लागेल. तू लिहिशील?”

“मी नाही. मला कामं आहेत.” बाहेर स्टेट कॉलेजच्या पोरांची पहिली गाडी लागत होती, चार दारं एकापाठोपाठ आपटली. “तुम्हीच लिहा. पन्नास वर्षं खोटं लिहून हात बसलाय तुमचा. खरं लिहायला थोडं जड जाईल, पण सवय होते.”

वॉल्टकाकानं रस्सा ओरपला, नाक पुसलं आणि बशी पुढे केली.

“धुऊन द्या,” सुनेत्रा म्हणाली. “मग वाढते.”